स्टँड म्हणजे उभं राहणं

बाबांच्या कंपनीचं शेवटचं पत्र मी वाचून दाखवलं होतं. १९९१ साल, पावसाळा नुकताच सुरू झालेला. मी आठवीत, मराठी शाळेत. तेव्हा आमच्याकडे इंग्रजी पाचवीपासून असायचं, म्हणजे माझ्या गाठीशी तीन वर्षांचं इंग्रजी. घरात तेवढंच होतं. बाबा सातवी शिकलेले. कंपनीत मालाच्या खोक्यांवरची नावं ते वाचत, यंत्रांवरच्या सूचना त्यांना पाठ होत्या, पण पानभर इंग्रजी मजकूर आला की तो कागद माझ्यापुढे यायचा.

त्या दिवशी ते दुपारीच घरी आले. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं होतं, तिथून कळव्यापर्यंत चालत आले होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, पण शर्टाच्या आत छातीशी धरलेलं पाकीट कोरडं होतं. हातपाय धुऊन, टॉवेलला बोटं कोरडी करून मगच त्यांनी ते उघडलं आणि मला दिलं. "सावकाश वाच," म्हणाले. आई कणकेचे हात तसेच घेऊन उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

पहिल्याच ओळीत मी अडले. 'ड्यू टू' झाल्यावर एक लांबलचक शब्द होता, तो मी तुकडे करत कसाबसा उच्चारला. सर-कम-स्टन्सेस. अर्थ माहीत नव्हता. पुढच्या ओळीत मात्र ओळखीचं माणूस दिसावं तसा एक शब्द दिसला. 'युअर सर्व्हिसेस स्टँड' आणि पुढे काहीतरी. 'स्टँड' मला येत होता. वर्गात बाई आल्या की आम्ही रोज 'स्टँड अप' करत होतो. मी मान वर करून म्हटलं, "बाबा, तुमची सर्व्हिस उभी आहे असं लिहिलंय."

"उभी आहे ना?" बाबा म्हणाले. त्यांनी आईकडे बघितलं. आईने हाताच्या मागच्या बाजूने कपाळावरचे केस सारले.

खाली अजून एक शब्द मला येत होता. 'आउटस्टँडिंग'. प्रगतिपुस्तकात हुशार मुलांना मिळायचा तो शेरा. तो शब्द पैशांच्या शेजारी होता, म्हणून मी सांगितलं की पैसे पण चांगले देणार आहेत. मग बाबांनी शेजारच्या दादाला बोलावलं, तो कॉलेजात होता. त्याने पत्र मनातल्या मनात वाचलं, जशी घडी होती तशी परत घातली, बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "काका, कंपनी बंद केलीय त्यांनी. आजपासूनच." स्टँडच्या पुढचा शब्द 'टर्मिनेटेड' होता.

त्या काळात ठाणे-बेलापूर रस्त्यावर अशी पत्रं पुष्कळ घरांत आली. आमच्याच चाळीत आणखी दोन घरांत आली. त्यामुळे दुःख एकट्याचं नव्हतं. पण 'स्टँड' या शब्दाला मी पुढे कित्येक वर्षं क्षमा केली नाही. जो शब्द येत होता त्यानेच दगा दिला होता.

आज मी भाषांतराचं काम करते. करारपत्रं, नोटिसा, कामगारांना द्यायची परिपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते आणि ऐरोलीला उतरते. ज्या पट्ट्यात बाबांची कंपनी होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत. हा सगळा औद्योगिक पट्टा कागदोपत्री 'टीटीसी' म्हणून ओळखला जातो, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक, ठाण्याच्या खाडीपलीकडचा. रोज हजारो लोक ही तीन अक्षरं बोलतात. त्यातला 'ट्रान्स' हा आपल्या 'तॄ', म्हणजे पार जाणं, या धातूचा नातलग आहे, तोच धातू ज्यातून तीर्थ, अवतार आणि कोकणातल्या खाडीवरची 'तर' आली. हे मला कळलं तेव्हा गाडी खाडीवरूनच चालली होती. पण ट्रान्सबद्दल पुन्हा कधीतरी. माझा हिशेब स्टँडशी होता.

तो हिशेब १९९९ मध्ये एका संध्याकाळी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मिटायला सुरुवात झाली. ही संस्था १८९३ पासून ठाण्यात उभी आहे. मी तेव्हा नवीनच काम घेतलं होतं आणि 'सरकमस्टन्सेस' हा शब्द पुन्हा समोर आला होता. अर्थ आता अर्थातच माहीत होता: परिस्थिती. तरी शब्द कुठून आला ते बघावं म्हणून व्युत्पत्तीचा जाडजूड कोश उघडला. लॅटिन 'सिर्कुम' म्हणजे सभोवार, 'स्तारे' म्हणजे उभं राहणं. सभोवार जे उभं आहे ते. मी वहीत मराठी प्रतिशब्द लिहिला आणि हात थांबला. परि म्हणजे सभोवार. स्थिती, स्था, म्हणजे उभं राहणं. परि-स्थिती. दोन हजार कोसांवरच्या दोन भाषांनी एकाच मापाचा, एकाच बेताचा शब्द शिवला होता.

आणि नुसता बेत एक नव्हता, कापडही एकच होतं. लॅटिनचा 'स्ता' आणि संस्कृतचा 'स्था' हा एकच मूळ धातू आहे. या दोन्ही भाषा, आणि इंग्रजीसुद्धा, एका फार जुन्या भाषेच्या लेकी-नाती आहेत, जी लिहून ठेवायला कोणी नव्हतं. गोव्यात राहून मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स यांनी १५८३ मध्येच आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते असं नोंदवलं होतं. पुढे २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याला विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे तेच ठामपणे मांडलं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एकाच ठिकाणी असला पाहिजे. जोन्स यांचं नाव सर्वांना माहीत असतं. मला मात्र दोनशे वर्षं आधीचे स्टीफन्स जवळचे वाटतात, कारण त्यांना ते मराठी-कोकणी बोलता बोलता उमगलं.

आठवीतच आमचं संस्कृत सुरू झालं होतं. बाई फळ्यावर धातू लिहून आमच्याकडून घोकून घेत. गम्-गच्छ, दृश्-पश्य, पा-पिब, स्था-तिष्ठ. धातू 'स्था', पण वाक्यात आला की 'तिष्ठति'. का, ते विचारलं की बाई सांगत, तसाच नियम आहे. त्या संध्याकाळी कोशाच्या पानावर त्याचं उत्तर मिळालं. लॅटिनमध्येही जोडी आहे: एक 'स्तारे' आणि दुसरं 'सिस्तेरे'. धातूचा पहिला आवाज पुन्हा एकदा हलकेच उच्चारून केलेलं रूप, जसं आपण 'दा'चं 'ददाति' करतो. तिष्ठति आणि सिस्तित. ग्रीकांनी त्याचंच 'हिस्तेमि' केलं.

म्हणजे इंग्रजीतल्या ज्या क्रियापदांच्या शेवटी असं 'सिस्ट' ऐकू येतं तिथे आपला 'तिष्ठ' बसलेला आहे. रेझिस्ट, विरोधात उभं ठाकणं. पर्सिस्ट, शेवटपर्यंत उभं राहणं. एक्झिस्ट, बाहेर येऊन उभं राहणं, म्हणजेच असणं. असिस्ट, जवळ उभं राहणं, आणि आपला 'उपस्थित' अगदी तोच आहे, उप म्हणजे जवळ. मदत करणं आणि हजर असणं यांत पूर्वी कोणी फार फरक केला नसावा. आमच्या चाळीत कोणाकडे मयत झालं की लोक नुसते जाऊन उभे राहायचे. तीच मदत असायची.

मराठीने तर 'तिष्ठ' जसाच्या तसा ठेवला आहे. 'तिष्ठत बसणं', 'तिष्ठत ठेवणं'. कंपनी बंद झाल्यावर हिशेबाच्या पैशांसाठी बाबा जवळजवळ दोन वर्षं एका कचेरीच्या दारात जात होते. साहेब जागेवर नाहीत, फाईल वर गेली आहे, पुढच्या सोमवारी या. संध्याकाळी आई विचारायची, आणि बाबा एकच वाक्य बोलायचे, "तिष्ठत ठेवलं आजपण." या वाक्यात दोन शब्द एकाच धातूचे आहेत, कारण 'ठेवणे' हाही 'स्था'चाच, 'स्थापय'वरून आलेला. ज्या पैशांसाठी ते तिष्ठत होते त्यांना पत्रात 'आउटस्टँडिंग' म्हटलं होतं, म्हणजे येणे बाकी, शब्दशः बाहेर उभे असलेले. पैसे बाहेर उभे, बाबाही बाहेर उभे.

आपल्याकडे 'स्थ'चा 'ठ' कसा होतो हे एकदा कानाला कळलं की मग तो सगळीकडे ऐकू येतो. संस्कृतातलं जड जोडाक्षर प्राकृत बोलणाऱ्या लोकांनी मऊ केलं. स्थापयचा ठेव. उद् आणि स्था मिळून झालेलं उत्थान, त्याचा उठ. सकाळी आई मला 'ऊठ गं' म्हणायची तेव्हा ती याच धातूचा आज्ञार्थ वापरत होती. आणि स्थानाचं ठाण, ठाणं. शिलाहारांच्या लेखांत आपल्या शहराचं नाव 'श्रीस्थानक' असं येतं. त्या स्थानकाचं झिजून, घासून ठाणे झालं.

आता ही गोष्ट मला कितीही वेळा सांगायला आवडते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन पहिली गाडी ३४ किलोमीटर धावत ठाण्याला आली. तिच्याबरोबर एक परका शब्द आला: स्टेशन. लॅटिन 'स्तातिओ', उभं राहण्याची जागा. आणि तो शब्द येऊन उभा कुठे राहिला, तर 'ठाणे' या शब्दाच्या शेजारी. एकाच घरातून निघालेले दोन भाऊ, एक मध्य आशियातून हिंदुकुशाच्या बाजूने आला, दुसरा रोम, फ्रान्स, इंग्लंड फिरून बोटीने आला, आणि काही हजार वर्षांनी त्यांची भेट झाली ती ठाण्याच्या फलाटावर. 'ठाणे स्टेशन' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो. रिक्षावाला ओरडतो, स्टेशन, स्टेशन, स्टेशन. शिलाहारांच्या काळातलं शहराचं नावच तो पुकारत असतो. पुढे कोणीतरी मराठी करताना 'रेल्वे स्थानक' केलं आणि 'पोलीस स्टेशन'चं 'पोलीस ठाणे', तेव्हा त्यांना हे नातं ठाऊक असो वा नसो, त्यांनी अगदी नेमका सख्खा शब्द उचलला.

पोलीस ठाण्यात तर सगळं कुटुंबच नांदतं. 'कॉन्स्टेबल' हा मुळात 'कोमेस स्ताबुली', घोड्यांच्या पागेचा अधिकारी. पागा म्हणजे 'स्टेबल', घोडे उभे करायची जागा. तोच शब्द अरबीतून 'अस्तबल' होऊन हिंदीत आला. 'अरेस्ट' म्हणजे जागच्या जागी उभं करणं. कॉन्स्टेबलने अरेस्ट करून ठाण्यात आणलं, या एका साध्या वाक्यात तीन स्था आहेत.

इथे सावधही राहावं लागतं, आणि हे मी अनुभवाने सांगते. मुळं शोधायचा छंद लागला की कानाला सारखे वाटणारे शब्द आपण भराभर एकमेकांच्या गळ्यात बांधू लागतो. 'प्रेस्टिज' म्हणजे प्रतिष्ठा, दोन्ही 'प्र'ने सुरू, दोन्हींत 'स्ट' किंवा 'ष्ठ', अर्थही एक. मी एका तरुण सहकाऱ्याला हे आनंदाने सांगितलंही होतं. ते चूक आहे. प्रतिष्ठा 'स्था'ची आहे, पण प्रेस्टिज लॅटिनच्या 'प्रेस्तिगिए'वरून आला, त्याचा अर्थ हातचलाखी, डोळ्यांना पाडलेली भूल. एक शब्द पाय रोवून उभा आहे, दुसरा जादूगाराच्या रुमालातून निघालेला. तसंच 'स्टॉप'. बस स्थानक स्थाचं, पण बस स्टॉपमधला स्टॉप याचा कोणी नाही. त्याच्या मुळाशी तागाचा चोथा कोंबून भोक बुजवणं आहे. आपला 'थांबणे'सुद्धा वेगळा, तो 'स्तंभ'कडून आला. कानाने सुचवायचं आणि कोशाने तपासायचं, याला दुसरा मार्ग नाही.

तपासायची रीत बांधून देणाऱ्यांत परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरले, याकोब ग्रिम, हे मोठं नाव. त्यांनी १८२२ मध्ये दाखवलं की जुन्या भाषेतल्या काही व्यंजनांची जर्मन-इंग्रजीच्या घरात ठरावीक पद्धतीने अदलाबदल झाली आहे. पितृमधल्या 'प'चा 'फादर'मध्ये 'फ' झाला, त्रिमधल्या 'त'चा 'थ्री'मध्ये 'थ'. मग स्टँडमधला 'त'च्या घरातला आवाज का बदलला नाही? कारण त्याच्या आधी 'स' आहे. 'स'ला चिकटलेलं व्यंजन त्या फेरबदलात जागचं हललं नाही. हे मी वाचलं तेव्हा मला आमच्या वस्तीतल्या पुराची आठवण झाली. दोराला धरून उभी राहिलेली माणसं तेवढी वाहून जात नाहीत. हजारो वर्षांत इतक्या शब्दांचे चेहरे ओळखू येईनासे झाले, आणि 'उभं राहणं' या अर्थाचा शब्द मात्र उभाच राहिला.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो 'कॉस्ट'. दिसायला त्यात काहीच नाही, ना स्टँड, ना सिस्ट. पण तो 'कोन्स्तारे'चा फ्रेंचमधून झिजत आलेला तुकडा आहे. रोमन व्यापारी म्हणत, हे इतक्याला उभं राहतं. किंमत उभी राहते! मला हे फार परकं वाटलं, आणि मग आईचं बोलणं आठवलं. जांभळी नाक्यावरून बाजार करून आली की पिशवी खाली टाकत ती सांगायची, "तेल अमक्याला पडलं, डाळ तमक्याला बसली." रोमनांची किंमत उभी राहायची, आपली बसते किंवा पडते. वस्तू आपल्या दारात येऊन कुठल्या आकड्यावर स्थिर होते, हेच दोघांना सांगायचं आहे. बाजारातून दमून आलेल्या बाईने 'बसली' म्हणावं हे मला जास्त खरं वाटतं.

'अंडरस्टँड' बद्दल लोक नेहमी विचारतात. खाली उभं राहणं म्हणजे समजणं, हे कसं? अभ्यासकांचं पटणारं म्हणणं असं की इथला 'अंडर' हा 'खाली' या अर्थाचा नाही, 'मध्ये' या अर्थाचा असावा, आपल्या 'अंतर्'शी नातं सांगणारा. एखाद्या गोष्टीच्या मधोमध जाऊन उभं राहिलं की ती समजते. तटस्थ शब्दाच्या हे बरोबर उलट आहे. तटस्थ तो, जो काठावर उभा आहे. भाषांतर करताना मला रोज या दोन जागांमध्ये ये-जा करावी लागते. कागद ज्याच्या हातात पडणार त्याच्या घरात, उंबऱ्यात, जाऊन उभं राहिल्याशिवाय मला नोटीस मराठीत आणता येत नाही.

आणि त्या पत्रातला स्टँड?

'सर्व्हिसेस स्टँड टर्मिनेटेड'मध्ये कोणीच उभं नसतं. तिथे 'स्टँड'चा अर्थ फक्त 'आहे', अमुक एका स्थितीत आहे, एवढाच उरलेला असतो. उभं राहण्याच्या क्रियापदाची अशी झीज पुष्कळ भाषांत झाली आहे. स्पॅनिशमध्ये 'असणे'साठी 'एस्तार' म्हणतात, तो हाच 'स्तारे'. आणि हिंदीने तर एक पाऊल पुढे टाकलं. 'स्थित'चं झिजत झिजत 'था' झालं. उभं होतं, आहे, आणि शेवटी होतं. मी बाबांना 'सर्व्हिस उभी आहे' म्हणून सांगितलं तेव्हा त्या शब्दाचं मूळ मी बरोबर सांगितलं होतं. पण पत्र लिहिणाऱ्याने तो 'था'च्या अर्थाने वापरला होता. तेरा वर्षांच्या मुलीला हे कळायला हवं होतं असं आता मला वाटत नाही. ज्यांनी सातवी शिकलेल्या माणसाला त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी त्याला न कळणाऱ्या भाषेत दिली, त्यांना मात्र कळायला हवं होतं. म्हणून आज माझ्या हातून जाणारी एकही नोटीस मी 'सेवा समाप्त करण्यात येत आहे' इतक्यावर सोडत नाही. त्याखाली साध्या मराठीत एक ओळ घालते, आणि ती घालू द्या म्हणून भांडतेही: तुमची नोकरी अमुक तारखेपासून संपेल, तुम्हाला इतके पैसे मिळतील, ते या दिवशी मिळतील.

हिशेबाचे पैसे येईपर्यंत बाबांनी घर चालवलं ते वह्या-पेन विकून. जांभळी नाक्यावरच्या घाऊक दुकानातून माल आणायचा, दोन मोठ्या कापडी पिशव्यांत भरायचा आणि कळवा, खारेगाव, विटावा इथल्या शाळांच्या दारात जाऊन उभं राहायचं. एका शाळेची सुट्टी झाली की चालत दुसऱ्या शाळेपाशी. पावसात वह्यांवर प्लास्टिक, स्वतःवर काही नाही. एकेका शाळेचा शिपाई हाकलायचा, मग फाटकापासून दहा पावलं लांब. पाच वर्षं त्यांनी ती फेरी केली. १९९६ मध्ये कळव्यात आठ बाय दहाचा एक गाळा भाड्याने मिळाला आणि आमचं दुकान झालं. पेंटर अक्षरामागे पैसे घेणारा होता. त्याने मराठीत आमचं नाव आणि पुढे 'स्टेशनरी' झकास काढलं. खाली इंग्रजीतही काढलं, पण शेवटाकडे 'ई'च्या जागी 'ए' घातला. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या स्पेलिंगचा अर्थ 'एका जागी स्थिर असलेला' असा होतो हे मला माहीत होतं आणि ते रोज बघून मला वाईट वाटायचं. बाबा म्हणाले, पुन्हा रंगवायला पुन्हा पैसे, राहू दे.

पुढे कधीतरी कोशाचं तेच पान वाचताना त्या शब्दाचीही ओळ सापडली. मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असत, पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव जाणारे. जो एका जागी दुकान मांडून उभा राहायचा त्याला 'स्तातिओनारिउस' म्हणत. विद्यापीठांच्या आसपास असं कायमचं दुकान असायचं ते पुस्तकांच्या नकला विकणाऱ्यांचं, भाड्याने देणाऱ्यांचं. म्हणून स्टेशनर म्हणजे पुस्तकं-कागद विकणारा असा अर्थ बसला. लंडनमधल्या त्यांच्या संघाला १५५७ मध्ये राजाज्ञेने सनद मिळाली आणि इंग्लंडात छापली जाणारी पुस्तकं त्यांच्या वहीत नोंदवली जाऊ लागली. स्टेशनर जे विकतो ते स्टेशनरी. 'ए'ची आणि 'ई'ची दोन्ही स्पेलिंगं एकाच शब्दाची आहेत, त्यांचे रस्ते नंतर वेगळे केले गेले. आमच्या पेंटरची चूक मुळाला धरून होती. पिशव्या घेऊन फिरणारा माणूस एका जागी उभा राहिला, हेच तर त्या पाटीवर लिहिलं होतं.

हे मी बाबांना गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी सांगितलं. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. दुकान भाऊ बघतो, पण सकाळचे दोन तास बाबांचे असतात. गल्ल्यामागे स्टुलावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी थोडी घाईघाईने सांगत होते, परिस्थिती, तिष्ठणं, ठाणे स्टेशन, कॉन्स्टेबल. धातुपाठात 'स्था'चा अर्थ कसा दिलाय तेही सांगितलं: गतिनिवृत्ती, चालणं थांबणं. ते मध्येच म्हणाले, "म्हणजे फेरी बंद होणं." मी हो म्हटलं.

मग त्यांनी खालच्या कप्प्यातली प्लास्टिकची फाईल काढली. भाडेकरार, गुमास्ता, वीजबिलं, आणि सगळ्यांच्या तळाशी ते पाकीट. मला वाटलं होतं ते केव्हाच फाडून टाकलं असेल. कागद घड्यांवर पिवळा पडलाय, एका घडीवर सेलोटेप लावलेली. बाबांनी चष्मा वर सारला आणि बोट ठेवून वाचायला लागले. वह्यांच्या वेष्टनांवरून, शाळांच्या याद्यांवरून, घाऊकवाल्यांच्या बिलांवरून इतक्या वर्षांत त्यांनी इंग्रजी शिकून घेतलंय, ते मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. 'सरकमस्टन्सेस' त्यांनी न अडखळता वाचला. पुढच्या ओळीत बोट थांबलं.

"हाच ना तो?"

"हाच."

"आणि पाटीवरचा?"

"तोही हाच, बाबा."

त्यांनी कागद जसा होता तसा परत घडी घातला. दाराशी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी येऊन उभी होती, रविवारी कसला तरी जादा वर्ग असावा. तिला दुरेघी वही हवी होती, शंभर पानी. वह्या वरच्या फळीवर असतात. मी हात पुढे केला, तर बाबांनी मला खुणेने थांबवलं, एक हात गल्ल्यावर टेकवला आणि उठले.